पुसलेल्या हाका

मला शांततेचा राग येतो. श्रवणतज्ज्ञ बाईने असं म्हणावं हे विचित्र वाटेल, पण खरं आहे. लोकांना ऐकू यावं म्हणून मी दिवसभर खपते, त्यांच्या कानांत यंत्रं बसवते, मोठ्याने बोलून बोलून माझा घसा बसतो. आणि याच जगात दुसऱ्याचा आवाज बंद करून घेण्यासाठी पैसे मोजणारीही माणसं आहेत.

मी केतकी उरुणकर, मूळची इस्लामपूरची. नेपल्समध्ये मी राहिले ती इथल्या आरडाओरड्यामुळे. पुण्यात शिकत होते तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव शेवटपर्यंत मला कळलं नव्हतं. इथे आले आणि पहिल्याच सकाळी माझं नाव, माझा पगार आणि मी लग्न का केलं नाही, हे सगळं विको मेलारो नावाच्या गल्लीला तोंडपाठ झालं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

विको मेलारो इतकी अरुंद की एका खिडकीतून समोरच्या खिडकीत लाटणं फेकून मारता येईल. दोन्ही बाजूंना चार-चार मजली जुन्या इमारती, एकीलाही लिफ्ट नाही. म्हणून प्रत्येक खिडकीला दोरीला बांधलेली एक टोपली. वरून हाक मारायची, टोपली खाली सोडायची, पाव, मासळी, औषधं, जे काय असेल ते वर ओढून घ्यायचं. फोन सगळ्यांकडे होते, पण फोन परक्यांसाठी. गल्लीतल्या माणसाला गल्लीतल्या माणसाने फोन केला, तर कुणी मेलं की काय म्हणून समोरचा घाबरायचा.

या हाकांचंही एक शास्त्र होतं. रागावलेलं माणूस ओ देत नसे. ओ न देणं म्हणजे जाहीर भांडण. ज्याची चूक त्याने आधी हाक मारायची, समोरच्याने गप्प बसायचं. पुन्हा हाक, पुन्हा गप्प. असं करता करता कधीतरी पलीकडून एक सणसणीत शिवी आली की समेट झाला, आणि मग संध्याकाळी टोपलीतून वाटीभर काहीतरी पोचतं व्हायचं.

माझी घरमालकीण दोन्ना नुंत्सिया, म्हणजे नुंत्सियाबाई, ऐंशीच्या पुढची. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, मी पहिल्या मजल्यावर तिची भाडेकरू. तिच्या कानांतली यंत्रंही मीच बसवलेली. दुसरा मजला तिच्या दिराचा होता. तो मेल्यावर त्याच्या पोरांनी विकून टाकला. नुंत्सियाच्या अगदी समोरच्या खिडकीत कार्मेला. दोघी एकाच गल्लीत जन्मल्या, एकाच चर्चमध्ये लग्नं लावून घेतली आणि एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवत म्हाताऱ्या झाल्या. माझ्या दृष्टीने ती गल्ली म्हणजे या दोघी.

बाकीची गल्ली बघता बघता गेली. दुसऱ्या मजल्याचं झालं तेच सगळ्यांचं झालं. घरामागून घर पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये बदललं, दारांवर आकडे दाबायची कुलपं आली, चांभाराच्या दुकानात लिंबाची दारू चाखायला मिळू लागली. पाहुणे जगभरातून यायचे, 'खरं नेपल्स' बघायला. आणि गेल्यावर लिहायचे की जागा सुंदर आहे, पण सकाळी सहाला समोरची बाई किंचाळते. खरं नेपल्स बघायला आलेल्यांना खऱ्या नेपल्सचा त्रास व्हायला लागला होता. यावर उपाय काढला सिलेन्ता नावाच्या कंपनीने.

त्यांचं यंत्र काय होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आवाज म्हणजे हवेला बसलेले धक्के. एक धक्का पुढे, एक मागे. समोरून येणाऱ्या धक्क्याच्या बरोबर उलटा धक्का त्याच क्षणी दिला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि कानाला काहीच पोचत नाही. कानात घालायच्या यंत्रांत हे कधीपासून होतं, कारण तिथे एकच कान सांभाळायचा असतो. उघड्या गल्लीत ते जमत नव्हतं. आवाज दहा ठिकाणांहून येतो आणि शंभर ठिकाणी जातो.

सिलेन्ताने एक पारदर्शक पापुद्रा तयार केला. तो भिंतींना आणि तावदानांना चिकटवायचा, म्हणजे दिसतही नाही. त्याच्यात डोळ्यांना न दिसणारे हजारो कान आणि तितकीच तोंडं. हाक तोंडातून निघाली की जवळचा पापुद्रा ती ऐकतो आणि विजेच्या वेगाने समोरच्या पापुद्र्याला कळवतो. आवाज बिचारा हवेतून चालत येतो, वीज त्याच्या कितीतरी आधी पोचते. हाक अर्ध्या वाटेवर येईपर्यंत तिची उलटी लाट तयार असते. मात्र यासाठी समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर पापुद्रा हवा, एकाच भिंतीवर असून भागत नाही. विको मेलारो अरुंद होती म्हणूनच त्यांना आवडली.

शिवाय यंत्र निवडक होतं. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे त्याला शिकवलेलं होतं. चर्चची घंटा ठेवायची, कॉफीच्या कपातला चमचा ठेवायचा, कोपऱ्यावरच्या मँडोलिनवाल्याला तर उचलून धरायचं. स्कूटर, भांडणं, खिडकीतल्या हाका पुसायच्या. आधी ते फक्त पाहुण्यांच्या खोल्यांच्या आतून लावलं. मग त्यांना रस्त्यात टेबलं मांडून जेवणं घालायची होती, म्हणून बाहेरच्या भिंतींवर चढवलं. भिंतींच्या मालकांना भाडं मिळणार होतं. नुंत्सियाने सही केली, कार्मेलाने केली. स्कूटरचा आवाज जाईल एवढंच त्यांना सांगितलं होतं.

ज्या आठवड्यात ते सुरू झालं, त्याच आठवड्यात दोघी भांडल्या.

झालं असं, की कंपनीच्या माणसाने कार्मेलाला विनंती केली, पाहुण्यांना फोटो काढायचेत, जरा टोपली सोडून दाखवा. तिने सोडली. नुंत्सियाने खिडकीतून बघितलं आणि कार्मेला खाली येताच जिना उतरून गल्लीत तिला गाठलं.

"रिकामी टोपली सोडलीस? रिकामी?"

"त्यात काय झालं? लोक खूश झाले."

"तुझ्या आईने युद्धाच्या दिवसांत कधी रिकामी टोपली सोडली नाही. चार बटाटे असले तर दोन टाकायची. आणि तू माकडासारखी खेळ करून दाखवतेस!"

माकड म्हटल्यावर कार्मेलाने तिच्या मेलेल्या नवऱ्याचं काहीतरी काढलं आणि दोघी आपापल्या घरी गेल्या. मी हसले. दोन दिवसांत शिवी येईल आणि समेट होईल हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारी नावाच्या शहरात एका तपासणी शिबिराला गेले.

परतले तेव्हा नुंत्सियासाठी तिथले अंजीर आणले होते. दार वाजवलं, उत्तर नाही. माझ्याकडे किल्ली होती. नुंत्सिया खिडकीखाली जमिनीवर पडलेली होती. टोपली ओढताना तोल गेला आणि कमरेचं हाड मोडलं. आदल्या संध्याकाळपासून ती तशीच पडून होती. फोन स्वयंपाकघरात राहिला होता, तिथवर तिला सरकता येत नव्हतं. ओठ सुकून फुटले होते. वरची खिडकी सताड उघडी होती आणि समोर चार हातांवर कार्मेलाची खिडकी होती.

माझ्याकडे बघून ती जे म्हणाली ते मी विसरणार नाही. "मी रात्रभर हाका मारल्या, केता. ती आली नाही."

हाड जोडलं, जीव वाचला. तिला शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. पण ती वेगळीच बाई झाली होती. गल्लीतलं कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करायची. आणि मग एके दिवशी तिने भाचीला बोलावून सांगितलं, "घर विकून टाक. त्या सिलेन्तावाल्यांनाच दे. मला परत त्या गल्लीत मरायला जायचं नाही."

मी तिला समजावलं. "दोन्ना नुंत्सिया, कार्मेलाला ऐकू गेलं नाही. यंत्रामुळे."

"चार हात रुंद गल्ली आहे, केता."

"तरीसुद्धा."

"मला चर्चची घंटा ऐकू येत होती. सगळे तास मोजले मी. कोपऱ्यावरचा तो मेला वाजवत होता तेही ऐकू येत होतं. घंटा येते, वाजंत्री येते आणि माणसाची हाक तेवढी जात नाही? मला शिकवू नकोस."

तिचं म्हणणं चुकीचं होतं, पण तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तिकडे कार्मेलाची वेगळीच तऱ्हा.

"मी त्याच संध्याकाळी तिला दोनदा हाक मारली," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, पण हनुवटी वर होती. "चूक माझी होती, म्हणून मी मारली. तिने ओ दिली नाही. मग मी खिडकी लावून घेतली. मला वाटलं रुसलीय. रुसलेल्या माणसाच्या दाराशी जायचं नसतं, हे तुला माहीत आहे."

"अहो, तिला ऐकूच आलं नाही."

"नुंत्सियाला? तिला माझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकू यायचं."

ऐंशी वर्षांची मैत्री, आणि दोघींना एकमेकींविषयी एकच गोष्ट ठाम वाटत होती: मी हाक मारली आणि तिने मुद्दाम ओ दिली नाही. हाक ऐकूच जात नाही, असं काही जगात असू शकतं, हे या गल्लीत जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही आधुनिक वस्तीत माणसाने फोन केला असता, घंटी वाजवली असती. या दोघींनी त्यांच्या रीतीप्रमाणे केलं आणि त्या रीतीनेच त्यांचा घात केला.

मी सिलेन्ताच्या कचेरीत गेले. मोन्ताल्तो नावाचा माणूस भेटला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. मला अदबीने 'दोत्तोरेस्सा', म्हणजे डॉक्टरबाई, म्हणत होता.

"दोत्तोरेस्सा, आमच्या यंत्रणेत संकटाची हाक अडत नाही. 'वाचवा', 'मदत करा', असे शब्द सोळा भाषांत ओळखून आम्ही ते तसेच जाऊ देतो. त्या रात्री तसा एकही शब्द नोंदलेला नाही."

"मग काय नोंदलंय?"

"आम्ही खाजगी बोलणं साठवत नाही."

"ऐकल्याशिवाय पुसता कसं मग? उलटी लाट बनवायची तर आधी सुलटी ऐकावीच लागते ना!"

तो हसला. "ऐकतं ते यंत्र, दोत्तोरेस्सा. ऐकून विसरतं." आणि मला दारापर्यंत सोडायला आला. रस्त्यात आल्यावर मी मराठीत शिव्या घातल्या. माझ्या गल्लीत तर आता कुठल्याही भाषेत घातल्या तरी पुसल्याच गेल्या असत्या.

शुश्रूषागृहात जाऊन मी नुंत्सियाला विचारलं, की तुम्ही 'वाचवा' असं का नाही ओरडलात.

"वाचवा? मी काय परक्या गावात पडले होते? मी तिला नावाने हाक मारली. ती आली नाही म्हणून शिव्या घातल्या. अजून काय करायचं माणसाने?"

म्हणजे यंत्राने ते भांडण समजून पुसलं होतं. सोळा भाषा शिकवल्या त्याला आणि या एका गल्लीची भाषा शिकवायची राहिली.

घराच्या सह्यांचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात माझा श्रीनिवासदादा आणि मेधावहिनी पुण्याहून युरोप बघायला आले. मी म्हटलं होतं माझ्याकडे राहा. तर त्यांनी परस्पर माझ्याच इमारतीतला दुसरा मजला दहा दिवसांसाठी घेऊन टाकलेला.

"अगं, तुझ्याच डोक्यावर आहोत की!" दादा म्हणाला. "आणि काय शांतता आहे गं! आमच्या बाणेरला रात्री दोनपर्यंत हॉर्न. इथे टाचणी पडली तर ऐकू येईल."

"टाचणी ऐकू येईल. म्हातारी पडली तर येणार नाही," मी म्हणाले. त्याला कळलं नाही आणि मीही समजावलं नाही. पाहुणा म्हणून आलेल्या भावाला पहिल्याच दिवशी काय बोलायचं?

वहिनी तशी मनाची वाईट नाही. तिने माझ्यासाठी मेतकूट, कुळथाचं पीठ आणि आईच्या हातचं लोणचं आणलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेले तेव्हा ती गॅलरीत पाय पसरून बसली होती, कानांत यंत्र, डोळे मिटलेले.

"केतकी, ये ये. हे ऐक. या कंपनीने पाहुण्यांसाठी ठेवलंय. 'नापोलीचा आत्मा', म्हणजे नेपल्सचाच. खोली एकदम शांत, आणि आपल्याला हवं तेव्हा हवं तेवढं गाव ऐकायचं. आवाज कमी-जास्त करता येतो."

"गाव कमी-जास्त करता येतं?"

"तू ना! ऐक तर. यातली ही एक बाई मला फार आवडते. रोज झोपताना हीच लावते मी, अगदी अंगाईसारखी. काय म्हणते गं ती?"

तिने एक यंत्र काढून माझ्या कानात घातलं. मागे मँडोलिन वाजत होतं, हळू, गोड. लाटांचा आवाजही घातला होता. आमच्या गल्लीपासून समुद्र बराच लांब आहे. आणि त्यावर नुंत्सियाचा आवाज.

"कार्मे! ए कार्मे! अगं बहिरे, सटवे, कान फुटले का तुझे? पडलेय मी, कार्मे! ये ना गं!"

पुढे थोडी मँडोलिन. मग पुन्हा, जरा दमलेला: "कार्मे..."

मोन्ताल्तो म्हणाला होता यंत्र ऐकून विसरतं. विसरलं नव्हतं. हाक पुसण्यासाठी बनवलेली उलटी लाट त्यांनी जपून ठेवली होती, आणि लाट उलटी असली तरी कानाला ती सुलटीच ऐकू येते. लाखो आवाजांतून ज्यांच्यात भावना जास्त ते वेचून काढले होते. गल्लीतून काढून घेतलेला माल आता बाटलीत भरून विकत होते. मरणाच्या दारात पडलेल्या बाईचं केविलवाणं रडणं, खाली संगीत घालून.

"ती म्हणतेय, मी पडलेय, ये," मी सांगितलं. "ती या खोलीच्या बरोबर वर पडली होती, वहिनी. रात्रभर. माझी घरमालकीण आहे ती."

"अय्या!" वहिनीने कानातलं दुसरंही यंत्र काढलं. मग म्हणाली, "पण हे खरंखुरं असेल का? मला वाटलं नटीकडून म्हणवून घेतलं असेल. इतकं छान म्हटलंय."

दादा आतून बाहेर आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो गंभीर झाला, पण त्याचं नेहमीचं वाक्य आलंच. "वाईट झालं. पण केतकी, यात आमची काय चूक? आम्ही पैसे भरून खोली घेतली."

"तुमची चूक नाही. कुणाचीच नाही, कार्मेलाची नाही, यंत्राची नाही, सगळे कागद बरोबर आहेत. म्हणूनच मला इतका राग येतोय, दादा. थोबाडीत मारायला एकही गाल सापडत नाही!"

मी वहिनीचं यंत्र तसंच हातात घेऊन समोरच्या इमारतीचे तीन जिने चढले. कार्मेला मटार सोलत बसली होती. मी काही न सांगता ते तिच्या कानात घातलं. तिचे हात थांबले. दोनदा ऐकलं तिने. मग परात उचलून भिंतीवर आपटली. मटार घरभर झाले.

"माझं नाव घेत होती," ती म्हणाली. "आणि मी इथे खिडकी लावून जेवत होते. गरम गरम जेवत होते!"

त्या रात्री मी 'नापोलीचा आत्मा' अख्खा चाळला. कार्मेलाचीही हाक सापडली, 'प्रेमळ स्वर' या मथळ्याखाली.

सह्यांच्या दिवशी शुश्रूषागृहात मोन्ताल्तो आधीच येऊन बसला होता. सोबत भाची. नुंत्सिया पलंगावर टेकून होती, चष्मा लावून सहीला तयार. मी कार्मेलाला घेऊन आत शिरले तशी तिने भिंतीकडे मान फिरवली.

"हिला इथून ने, केता."

"नुंत्सिया," कार्मेला म्हणाली.

ओ नाही. मोन्ताल्तोने सही करायची पाटी पुढे सरकवली. मला वाद घालायचा नव्हता, वाद मी महिनाभर घातला होता. नुंत्सियाच्या दोन्ही कानांत मीच बसवलेली यंत्रं होती. मी फोन काढला आणि कार्मेलाची हाक थेट त्यांच्यात सोडली. परवानगी घेतली नाही. एकदा त्यांनी न विचारता तिचा कान बंद केला होता, एकदा मी न विचारता उघडला.

"नुंत्सिया! चुकलं माझं. माकड म्हण, गाढव म्हण. रिकामी टोपली नाही सोडणार परत. नुंत्सिया! दिवा दिसतोय तुझा, जागी आहेस ना? ओ दे गं, मेले."

नुंत्सियाने कार्मेलाच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कधीची हाक ती सांगितली, आणि कुठून आली तेही. तिची स्वतःची हाक कुठे वाजते हेसुद्धा. मागच्या मँडोलिनसकट.

नुंत्सियाने चष्मा काढून ठेवला. मग मोन्ताल्तोकडे वळली.

"म्हणजे आम्ही दोघींनी ऐकलं नाही. तुम्ही मात्र ऐकलंत."

"दोन्ना, यंत्राने..."

"दोघींच्या मधे बसून ऐकलंत. तिची हाक तुमच्याकडे, माझी तुमच्याकडे."

"तुमचा आवाज फार लोकप्रिय आहे, दोन्ना नुंत्सिया," तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की हे ऐकून तिला बरं वाटेल. "जपानपासून ब्राझीलपर्यंत लोक ऐकतात. आम्ही तुमचं नाव द्यायला तयार आहोत. मानधनाचंही बघू."

नुंत्सियाने ती पाटी उचलली आणि औषधांचा कचरा टाकायच्या डब्यात घातली. मग कार्मेलाकडे बघून तिने अशी शिवी हासडली, की भाचीने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि दारातली परिचारिका मागे सरली. कार्मेला पलंगावर बसली आणि तिचे पाय कवटाळून रडायला लागली.

"रडतेस काय? मला घरी ने," नुंत्सिया म्हणाली. "आणि केता, ती भिंत माझी आहे ना?"

"तुमचीच."

"मग माझ्या भिंतीवर त्यांची घाण नको."

डॉक्टर नको म्हणाले, तिने ऐकलं नाही. नाक्यावरच्या मासळीवाल्याने आणि त्याच्या भावाने तिला खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. पापुद्रा कोमट साबणाच्या पाण्याने भिजवला की सुटतो. बादलीभर पाणी, फडकं आणि स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन मी तिच्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. नुंत्सिया मागून खुर्चीतून हुकूम सोडत होती, इकडे राहिलं, तिकडे राहिलं. समोर कार्मेला आपल्या खिडकीत तशीच लोंबकळत होती, आणि तिला या वयात लोंबकळू नको म्हणून सांगायची माझी छाती नव्हती.

शेवटचा पट्टा सुटून बादलीत पडला आणि एकदम गल्ली आली. दुसरा शब्द मला सुचत नाही. स्कूटर आली, पाण्याचा नळ आला, कुठेतरी कुत्रं भुंकलं ते आलं.

"कार्मे!" नुंत्सिया ओरडली. "ऐकू येतंय का, सटवे?"

"येतंय, चेटकिणी! अख्ख्या गावाला येतंय!"

"मग काल मटार पाठवते म्हणालीस त्याचं काय झालं?"

"तुझ्यामुळे घरभर सांडले, ते कुठून पाठवू?"

दोघी हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. मग नुंत्सियाने दुसऱ्यांना हाका घातल्या. पास्क्वाले! इम्माकोलाता! चिरो! गल्लीत तिच्या माहितीतली जेवढी नावं होती तेवढी. एकानेही ओ दिली नाही. रुसलं कुणीच नव्हतं, कारण उरलंच कुणी नव्हतं. तिला ते माहीत होतं, तरी ती हाका मारत राहिली.

खिडक्या मात्र उघडल्या. वर, खाली, समोर, एकूण एक खिडकी. प्रत्येकीत अनोळखी चेहरा आणि पुढे धरलेला फोन. कुणी सकाळच्या कपड्यांत, कुणी कॉफीचा कप घेऊन. एक म्हातारी गेलेल्या शेजाऱ्यांना हाका मारतेय आणि हे चित्रण करतायत. हाका थांबल्या तसं कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.

नुंत्सियाचा चेहरा मी बघितला. रात्रभर जमिनीवर पडून राहिल्यानंतरही तो असा दिसला नव्हता.

"बंद करा!" मी ओरडले, इटालियनमध्ये, इंग्रजीत. "हा खेळ नाहीये! राहतात त्या इथे!" त्याचंही त्यांनी चित्रण केलं.

माझ्या बरोबर खालच्या गॅलरीतून कुणीतरी जोरजोरात टाळ्या वाजवत होतं. मी वाकून बघितलं. मेधावहिनी. नवीन घेतलेली मोठी हॅट, हातात फोन, चेहरा आनंदाने फुललेला. तिने मान वर केली.

"केतकी, कसलं भारी! माझं सुरुवातीचं राहिलं गं. त्या आजींना परत एकदा म्हणायला सांग ना."

भरलेली बादली खिडकीच्या कठड्यावर होती. त्यात साबणाचं पाणी होतं, आणि भिंतीवरून निघालेला सगळा चिकट पापुद्रा. वहिनीने माझ्यासाठी लोणचं आणलं होतं, कुळथाचं पीठ आणलं होतं. दादाची बायको आहे ती, पाहुणी आहे. हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं आणि तरीही मी बादली तिच्यावर उपडी केली.

तिची किंकाळी गल्लीच्या त्या टोकापर्यंत स्पष्ट ऐकू गेली.